जेलीफिशचा डंख : वाळू चोळू नका, गरम पाणी शोधा

सुट्या लागल्या की सातारा-सांगलीकडच्या गाड्या कुंभार्ली, आंबा, फोंडा घाट उतरून कोकणात जातात. समुद्राची सवय नसलेल्या घाटावरच्या माणसाला तिथे काय करावं आणि काय टाळावं हे ऐनवेळी सुचत नाही. सहलीतल्या प्रथमोपचारांविषयी आम्ही प्रश्न मागवले, तेव्हा बरीचशी पत्रं जेलीफिशविषयीच आली. त्यातली निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं देत आहोत.

प्रश्न : गुहागरला समुद्रात खेळताना आमच्या आठ वर्षांच्या मुलीच्या पोटरीला निळा दोरा गुंडाळला गेला आणि ती किंचाळायला लागली. जवळच्या लोकांनी ओली वाळू चोळली, मग आम्ही बाटलीतलं प्यायचं पाणी ओतलं. वेदना कमी व्हायच्या ऐवजी वाढल्या. आमचं काय चुकलं? — एक पालक, कराड

निळा दोरा म्हणजे बहुधा ब्ल्यू बॉटल. पाण्यावर तरंगणारा निळसर, पारदर्शक फुगा आणि त्याखाली कित्येक फूट लांब तंतू, असं तिचं रूप. शास्त्राच्या दृष्टीनं ती खरी जेलीफिश नव्हे, अनेक छोट्या जीवांची एकत्र वसाहत आहे. डंखाची तऱ्हा मात्र तीच.

त्या तंतूवर हजारो सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली, पोकळ, विषारी नळी दाबून बसवलेली असते. स्पर्श झाला की ती डोळ्याचं पातं लवण्याच्या कितीतरी आधी सुटते आणि कातडीत घुसते. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की पहिल्या स्पर्शात सगळ्या कुप्या फुटत नाहीत. बऱ्याचशा न फुटता कातडीवरच चिकटून राहतात. वाळूच्या घासण्यानं आणि दाबानं त्या फुटतात. गोडं पाणी ओतलं की बाहेरचं मिठाचं प्रमाण एकदम बदलतं आणि त्यानंही त्या फुटू शकतात. तुम्ही दोन्ही केलंत, म्हणून मुलीच्या अंगात आणखी विष गेलं. हेतू चांगला होता आणि जवळपासचे लोकही तेच सांगत होते, तेव्हा स्वतःला दोष देत बसू नका. पुढच्या वेळी मात्र हा क्रम पाळा.

आधी मुलाला पाण्याबाहेर काढा. कमरेएवढ्या पाण्यात वेदनेनं गांगरलेलं मूल डंखापेक्षा बुडण्याच्या धोक्यात जास्त असतं. काठावर बसवून त्याचे दोन्ही हात कुणीतरी धरून ठेवावेत, कारण ते डंखाची जागा चोळायला जाणारच. चोळलेल्या हातालाही डंख होतो आणि तोच हात डोळ्याला लागला तर दुखणं दुप्पट.

मग समुद्राचंच पाणी तांब्यानं किंवा बाटलीनं वरून हळूहळू ओता. पुसू नका, टॉवेल लावू नका. दिसणारे तंतू चिमट्यानं, नाहीतर हातात दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या घालून उचला. तंतू सरळ वर उचलायचा, कातडीवरून ओढत न्यायचा नाही. एटीएम कार्डानं खरवडून काढा असं पूर्वी सर्रास सांगितलं जाई. त्या दाबानं उरलेल्या कुप्या फुटतात, तेव्हा तो उपाय सोडून द्या. तंतू निघाल्यावर पुन्हा एकदा समुद्राचं पाणी.

यानंतरचं काम गरम पाण्याचं, आणि वेदनेवर खरा उतारा तोच. विषातली प्रथिनं उष्णतेनं निकामी होतात. ब्ल्यू बॉटलच्या डंखावर ऑस्ट्रेलियात केलेल्या चाचणीत बर्फापेक्षा गरम पाण्यानं जास्त लोकांच्या वेदना उतरल्या. पाणी साधारण 45 अंश सेल्सियस हवं आणि डंखाचा भाग त्यात सलग 20 मिनिटं बुडवून ठेवायचा. लहान मुलांसाठी 42-43 अंशांवर थांबा.

45 अंश मोजायचं कसं? तापाचा थर्मामीटर इथं कामाचा नाही, त्याची मोजपट्टी साधारण 42-43 लाच संपते. प्रमाणावर जा : एक भाग उकळतं पाणी आणि तीन भाग नळाचं पाणी. म्हणजे बादलीत आधी सहा लिटर नळाचं पाणी घ्या, वरून दोन लिटर उकळतं ओता, हातानं नव्हे, तांब्यानं ढवळा. निम्मं-निम्मं कधीच करू नका. त्यानं पाणी साठीच्या पुढं जातं आणि कातडी भाजते. ओतून झालं की मोठ्या माणसानं आपला कोपर किंवा मनगट अर्धा मिनिट पाण्यात धरून पाहावं, मग मुलाचा दुसरा, डंख न झालेला पाय बुडवून त्याला विचारावं. डंख झालेल्या भागाला चटका नीट कळत नाही, म्हणून त्या पायावर परीक्षा घेऊ नये. पाणी दर पाच मिनिटांनी पाहा. ते निवत जातं तसं थोडं गरम पाणी घाला, पण पाय बाहेर काढूनच. 20 मिनिटांनी वेदना परतल्या तर आणखी 20 मिनिटं चालेल.

छाती-पाठीवर डंख असेल तर लॉजवरच्या गीझरखालचा शॉवर उत्तम. सोलरचं पाणी मात्र भर दुपारी 60 अंशांवर असू शकतं, ते सरळ अंगावर घेऊ नका. काठावर गरम पाणी कुठं मिळणार, हा प्रश्न खरा आहे. चहाच्या टपरीवर मिळतं, आणि पाण्यात उतरण्याआधीच टपरीवाल्याला तसं सांगून ठेवलं तर वेळ वाचतो. अगदीच नाही मिळालं तर कोरड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला बर्फ कापडातून लावा. बर्फाचं पाणी जखमेवर गळू देऊ नका, ते गोडंच पाणी.

वेदनेसाठी पॅरासिटामॉल पुरतं. मुलांना वजनाच्या दर किलोला 15 मिलिग्रॅम. म्हणजे 20 किलोच्या मुलाला 300 मिलिग्रॅम, आणि 5 मिलिलिटरमध्ये 250 मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे 6 मिलिलिटर. बाजारात 120 आणि 125 ची सिरपही असतात, तेव्हा बाटलीवरचा आकडा वाचल्याशिवाय माप भरू नका. पुढचा डोस किमान चार ते सहा तासांनी, दिवसात चारपेक्षा जास्त नाही.

प्रश्न : आम्ही मित्र दरवर्षी मालवण-तारकर्लीला जातो. कुणी व्हिनेगर सांगतं, कुणी लघवी, कुणी लिंबू, कुणी दारू लावायला सांगतं. खरं काय? — वाचक, विटा

लघवी, लिंबू, दारू, स्पिरिट, सेंट, टूथपेस्ट यांतलं काहीही नको. लघवीत मिठाचं प्रमाण प्रत्येकाचं आणि प्रत्येक वेळी वेगळं असतं, बरेचदा ती समुद्राच्या पाण्यापेक्षा खूप पातळ असते. म्हणजे तिनं गोड्या पाण्यासारखंच नुकसान होतं. दारू आणि स्पिरिटनं न फुटलेल्या कुप्या फुटतात. लिंबू आंबट असलं तरी ते व्हिनेगर नव्हे. त्यातलं आम्ल वेगळं, आणि ते चोळूनच लावलं जातं हा आणखी तोटा.

व्हिनेगरचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. चौकोनी घंटेच्या आकाराच्या, अत्यंत विषारी जेलीफिशच्या कुप्या 4 ते 6 टक्क्यांच्या साध्या व्हिनेगरनं बंद पडतात. उत्तर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांवर म्हणूनच व्हिनेगरच्या बाटल्या टांगलेल्या असतात. ब्ल्यू बॉटलच्या बाबतीत मात्र तज्ज्ञांत दोन मतं आहेत. ऑस्ट्रेलियातल्या मार्गदर्शक सूचना तिच्यासाठी व्हिनेगर नको म्हणतात, हवाईतल्या संशोधकांना ते उपयोगी दिसलं. पिवळसर-तपकिरी रेघांच्या, लांब झालरीच्या काही जेलीफिशवर व्हिनेगरनं कुप्या उलट फुटतात. त्यांच्यासाठी खाण्याचा सोडा आणि समुद्राचं पाणी सारख्या प्रमाणात कालवून केलेला लगदा काही मिनिटं लावून ठेवतात.

काठावर उभ्या असलेल्या माणसाला आपल्याला नेमकं कोण चावलं हे बहुधा कळलेलं नसतं. तेव्हा आमचा सल्ला साधा आहे : समुद्राचं पाणी, चिमटा, गरम पाणी. हे तिन्ही जवळपास कुठल्याही जेलीफिशला चालतं. व्हिनेगर बाळगायचं असेल तर बाळगा, पण निळा फुगा किंवा निळा तंतू दिसला की बाटली उघडू नका. आणि विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, व्हिनेगर म्हणून जे तीव्र ॲसिटिक आम्ल कुठे कुठे मिळतं ते पाणी न घालता कातडीवर ओतलं तर भाजतं.

प्रश्न : शाळेची सहल गणपतीपुळ्याला नेत आहोत. पन्नास मुलं आहेत. दवाखान्यात कधी न्यायचं आणि कधी काठावरच भागतं? सोबत काय ठेवावं? — शिक्षिका, तासगाव

बाई, बहुतेक डंख काठावरच आटोक्यात येतात. जळजळ पहिल्या तासात सर्वांत जास्त असते, लाल चाबकाचे वळ उठावेत तशा रेघा दिसतात आणि काही तासांत दुखणं ओसरतं. पण पुढची लक्षणं दिसली तर गरम पाण्याची वाट न पाहता 108 ला फोन करा : श्वास लागणं किंवा छातीत घरघर, ओठ-चेहरा-जिभेवर सूज, अंगभर गांधी, छातीत दुखणं, चक्कर येऊन शुद्ध हरपणं, वारंवार उलट्या, कंबरेत-पोटात गोळे येऊन घाम फुटणं. शेवटचं लक्षण फसवं असतं. ते डंखानंतर 20 ते 40 मिनिटांनी सुरू होऊ शकतं, आणि तोवर मूल ‘बरं वाटतंय’ म्हणून बसमध्ये जाऊन बसलेलं असतं. म्हणून डंख झालेल्या मुलावर पहिले दोन तास कुणीतरी नजर ठेवायलाच हवी आणि तेवढा वेळ बस आंबा घाटाला लावू नये. घाटात मोबाईलची रेंज जाते आणि मागे-पुढे दवाखाना नसतो. गणपतीपुळ्याहून मोठं ठिकाण म्हणजे रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय.

लक्षणं नसली तरी डॉक्टरांकडे न्यावं असे प्रसंगही आहेत. डंख डोळ्याला, चेहऱ्याला, मानेला किंवा गुप्तांगाला झाला असेल, वळ मुलाच्या अर्ध्या हाताहून किंवा अर्ध्या पायाहून जास्त जागेवर असतील, मुलाला दमा असेल, किंवा 40 मिनिटं गरम पाण्यात ठेवूनही वेदना हटत नसतील, तर थेट न्या. डोळ्याला झालेल्या डंखावर गरम पाणी, व्हिनेगर, काही नको. स्वच्छ पाण्यानं किंवा सलाईननं 15 मिनिटं डोळा धुवत राहा, चोळू देऊ नका आणि नेत्रतज्ज्ञाकडे न्या.

निघण्याआधी पालकांकडून दमा आणि ॲलर्जी असलेल्या मुलांची नावं लिहून घ्या. हे काम पेटीपेक्षा महत्त्वाचं आहे. पेटीत भुवया कोरायचा चपट्या टोकाचा चिमटा दोन, रबरी हातमोज्यांचे चार-पाच जोड, पॅरासिटामॉलच्या गोळ्या आणि सिरप मापाच्या टोपणासह, ॲलर्जीवरची सेट्रिझिन, ओआरएसची पाकिटं, एक प्लॅस्टिकचा टब आणि एक-एक लिटरचे दोन थर्मास उकळत्या पाण्याचे. पहाटे तासगावात भरलेलं थर्मासचं पाणी दुपारी पुळ्याला उकळतं राहत नाही. 80 अंशांच्या आसपास उतरलं असेल तर एक भागाला दोनच भाग नळाचं पाणी पुरतं. एका थर्मासात तीन लिटर पाणी होतं, त्यात लहान मुलाचं पाऊल बुडतं, पोटरी बुडत नाही. म्हणून पोचल्या पोचल्या जिथं जेवण ठरवलंय त्या खाणावळीत गरम पाण्याचं सांगून ठेवा.

मुलांना पाण्यात उतरवताना अंगभर चिकटून बसणारे कपडे घाला. लेगिंग आणि लांब बाह्यांचा टीशर्ट असला तरी पुष्कळ डंख कातडीपर्यंत पोचत नाहीत. गणपतीपुळ्याचा समुद्र ओढीसाठी आधीच धोक्याचा मानला जातो. मुलांना गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ देऊ नका, मग जेलीफिश असो वा नसो.

प्रश्न : डंख बरा झाला होता. मिरजेला परतल्यावर दहा दिवसांनी त्याच रेघा पुन्हा लाल होऊन खाजायला लागल्या. विष अंगात राहिलं का? — वाचक, मिरज

नाही. विषाचं काम पहिल्या दिवशीच संपलं. हे तुमच्या शरीराच्या प्रतिकारशक्तीचं उशिरा आलेलं उत्तर आहे. डंखानंतर साधारण आठवडा ते दोन आठवड्यांनी असं होणं माहितीचं आहे. दिवसातून दोनदा एक टक्का हायड्रोकॉर्टिसोनचं मलम पातळ लावा, चेहऱ्यावर लावायचं असेल तर डॉक्टरांना विचारून. रात्री सेट्रिझिन 10 मिलिग्रॅम घेता येईल. त्यानं झोप येते, गाडी चालवायची असेल त्या दिवशी ती घेऊ नका. आठवड्यात उतार पडला नाही, फोड आले किंवा पू दिसला तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. मलमाची नळी औषधांच्या दुकानातून मागून घेताना ‘खाजेचं मलम’ एवढंच सांगू नका. तीन-तीन औषधं एकत्र असलेली तीव्र स्टेरॉइडची मलमं त्याच नावानं हाती पडतात आणि त्यांनी कातडी पातळ होते.

रेघांच्या जागी तपकिरी डाग काही महिने राहू शकतो. ऊन लागलं की तो गडद होतो, म्हणून झाकून ठेवा. घासून जात नाही.

प्रश्न : आमच्याकडे विंचू चावला की वर आवळून पट्टी बांधतात. जेलीफिशला तेच करावं का? विंचवाची औषधं चालतात का? — वाचक, वाई

पट्टी बांधू नका. दाबानं उरलेल्या कुप्या फुटतात आणि विष एका जागी कोंडून वेदना वाढतात. खरं तर विंचवालाही आवळपट्टी नको.

औषधं दोघांची वेगळी. तांबड्या विंचवाचं विष हृदयावर चढतं आणि त्यावर प्राझोसिनचा उपयोग महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिला, त्यातून कोकणात आणि घाटावर अनेक जीव वाचले. जेलीफिशच्या विषाशी त्याचा संबंध नाही, आणि विंचवाची प्रतिविष लसही इथं निरुपयोगी. ब्ल्यू बॉटलवर प्रतिविष उपलब्ध नाही. दवाखान्यात वेदना, ॲलर्जी, रक्तदाब यांवर उपचार होतात आणि ते पुरतात.

प्रश्न : कोयनेच्या डोहात उन्हाळ्यात रुपयाएवढ्या पारदर्शक, छत्रीसारख्या हलणाऱ्या वस्तू दिसतात. गावात म्हणतात ती जेलीफिश आहे. नदीत कशी असेल? पोरं तिथंच पोहतात. — वाचक, पाटण

असू शकते, आणि तुमच्या भागाला याचा अभिमान वाटावा. गोड्या पाण्यातल्या जेलीफिशच्या जाती जगात मोजक्याच आहेत. त्यांतल्या एका वंशाच्या जाती फक्त आफ्रिकेत आहेत असं शंभर वर्षांपूर्वी मानलं जाई. मालवणात जन्मलेले शास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर सह्याद्रीत हिंडत असताना त्यांना त्या वंशाची जेलीफिश पश्चिम घाटातल्या नद्यांत सापडली आणि 1912 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्याची नोंद छापून आली. पुण्यातली आघारकर संशोधन संस्था त्यांच्याच नावाची. या जेलीफिशचं नाव लिम्नोक्निडा इंडिका. कृष्णेच्या उपनद्यांच्या संथ डोहांत, पाणी ओसरून नितळ झालं की ती दिसते.

पोरांना पोहू द्या. तिलाही डंखाच्या कुप्या आहेत, पण त्या पाण्यातले सूक्ष्म जीव पकडण्यापुरत्या. माणसाची कातडी भेदण्याइतकी ताकद त्यांत नाही. उलट पोरांना सांगा की तिला बाटलीत भरून घरी नेऊ नका, ती जगत नाही. फोटो काढा, जागा आणि तारीख लिहून ठेवा, आणि जवळच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना कळवा.

प्रश्न : वाळूत मेलेली जेलीफिश पडलेली असते, तिला हात लावला तर चालतं का? आणि कोणत्या महिन्यात जाणं टाळावं? — वाचक, सातारा

हात लावू नका. प्राणी मेला तरी कुप्या जिवंत प्राण्याच्या हुकमावर चालत नाहीत, त्या स्पर्शानं सुटतात. ओल्या वाळूत पडलेला तुटका तंतूही डंख मारतो. ब्ल्यू बॉटल पावसाळ्यात जास्त येते, कारण ती पोहत नाही, वाऱ्याबरोबर वाहते, आणि त्या दिवसांत वारा समुद्राकडून जमिनीकडे असतो. ऑगस्ट 2018 मध्ये मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर तिनं अनेकांना डंख मारले होते. पावसाळ्यानंतरही दुसऱ्या जातींचे थवे येतात, म्हणून महिन्यापेक्षा त्या दिवशीचा किनारा पाहा. भरतीच्या रेघेवर निळे फुगे पडलेले दिसले, किंवा मच्छीमार जाळ्यातून जेलीफिश झाडून काढताना दिसले, तर त्या दिवशी पाण्यात उतरू नका.

प्रश्न : पाण्यात चालताना तळपायाच्या वर काहीतरी खुपसल्यासारखं झालं, रक्त आलं आणि भयंकर ठणका लागला. जेलीफिशच ना? — वाचक, सांगली

रक्त आलं असेल तर जेलीफिश नव्हे. तो बहुधा पाकट, म्हणजे शेपटीला दातेरी विषारी काटा असलेला चपटा मासा. तो उथळ पाण्यात वाळूखाली पडून राहतो आणि पाय पडला की शेपटी उगारतो. मुंबईत गिरगावला 2013 च्या गणेश विसर्जनात अनेकांना तेच झालं होतं. गरम पाण्याचा उपाय इथंही तोच आणि तेवढाच गुणकारी, पण जखम प्यायच्या पाण्यानं धुतली तरी चालते. दवाखान्यात मात्र जावंच लागतं, कारण काट्याचे तुकडे आत मोडून राहतात, एक्स-रे काढावा लागतो, जखम चिघळते आणि धनुर्वाताचं इंजेक्शन पाहावं लागतं. काटा खोल रुतलेला दिसला तर उपसू नका, पोट-छाती-मानेत असेल तर अजिबात नाही. उथळ पाण्यात पाऊल उचलून टाकण्याऐवजी वाळूवरून घसटत चाला. चाहूल लागली की पाकट स्वतःच बाजूला होतो.